शुक्रवारची एकादशी

माघ शुद्ध पंचमी, बुधवार

बारके,

आशीर्वाद. पाकिटात मावले तेवढे घातले आहेत.

सोबत माघ आणि फाल्गुनाचा तक्ता. माझी पत्रं जावईबापू दुकानात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात असं तू लिहिलं होतंस, म्हणून या वेळी अक्षर टपोरं काढलं आहे आणि विनोद कमी केले आहेत.

तुझ्या सासूबाईंसाठी पुन्हा एकदा सांगतो, कारण दर वर्षी कोणीतरी शंका काढतंच. तिथी चंद्राची, दिवस सूर्याचा. एकादशी लागते ती सगळ्या जगात एकाच क्षणी. पण तुमच्याकडे, इतक्या लांब पश्चिमेला, सूर्य आमच्यापेक्षा बराच उशिरा उगवतो. आमच्या सूर्योदयाला जी तिथी अजून लागलेली नसते, ती तुमच्या सूर्योदयापर्यंत लागून मोकळी झालेली असते. म्हणून कधीकधी तुमची एकादशी आमच्या आदल्या दिवशी येते. येत्या फाल्गुन वद्य एकादशीचं तसंच आहे. तुमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत शुक्रवार दिला आहे, तो इथला. तुमचा गुरुवार. इथली दिनदर्शिका तिकडे टांगणं म्हणजे माझा सदरा जावईबापूंनी घालण्यासारखं आहे. बटणं लागतील, पण श्वास घेता येणार नाही.

मी ज्योतिषी नाही. शाळाही अर्धवट सुटलेली. लेथ चालवतो. पण लेथवर केसाएवढा फरक पडला की दांडा बसत नाही, हे शिकलो आणि तेच आकाशाला लावलं. मागच्या संकष्टीला मी कळवलेल्या वेळी चंद्र तुमच्या समोरच्या धुराड्यावर आला आणि सासूबाईंनी हात जोडले म्हणे. चंद्राला की मला, ते तू लिहिलं नाहीस.

वहिनी विचारते, उपासाच्या दिवशी तरी तुला जरा टेकायला मिळतं का?

तुझा दादा


बुधवार

दादा,

वाकून नमस्कार. दिवसभर इस्त्रीवर वाकलेलीच असते, त्यामुळे वेगळं वाकावं लागलं नाही.

तक्ता मिळाला. यांनी वाचून दाखवला. सदऱ्याच्या विनोदाला आई हसल्या, हे हसले नाहीत.

वहिनीला सांग, उपासाच्या दिवशी टेकायला मिळतं. मागे एका निर्जळी एकादशीला वाफेच्या इस्त्रीपाशी मला चक्कर आली आणि पायाखालची कळ तशीच दाबलेली राहिली. गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कोटावर पाठभर ठसा उठला. तेव्हापासून आईंनी नियम केला, "उपाशी बाई यंत्रापाशी नको. बाई शुद्धीवर येते, कोट येत नाही." आईंना साखरेमुळे उपास झेपत नाहीत आणि गुडघ्यांमुळे देवळाचा जिना. म्हणून त्यांचे उपास मी करते आणि दुपारची पोथी ऐकायलाही त्यांच्या वतीने मीच जाते. पोट माझं, पुण्य त्यांचं.

एक विचारायचं होतं. भिंतीवरचा दिवस आणि तुझा दिवस वेगळा पडला की मी सध्या दोन्ही धरते. शंका नको म्हणून. आईंनाही ते बरं वाटतं. यात दोष तर नाही ना? नसेल तर तसं दोन ओळींत लिही, म्हणजे वाचून दाखवता येईल. जास्त काही लिहू नकोस.

बाकी ठीक. वरच्या खोलीची खिडकी रंगाऱ्याने रंगासकट चौकटीला चिकटवून टाकली आहे, उघडत नाही. दुकानातली वाफ वर येऊन बसते. थंडी आहे तोवर चालेल.

तुझी बारकी


माघ वद्य चतुर्थी, बुधवार

बारके,

तुझा प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सरळ फोनच केला. तुझ्याशीही बोलणं होईल असं वाटलं होतं, पण तू इस्त्रीवर होतीस. सासूबाईंशी मात्र सविस्तर झालं.

मी म्हटलं, "मावशी, माझी बहीण एका एकादशीचे दोन उपास करते आहे. हे शास्त्राला धरून नाही आणि तब्येतीलाही."

"अगंबाई, मला वाटलं तुम्हीच सांगितलंत."

"मी? मग मी तक्ता केला तो काय शोभेला?"

"आणि शुक्रवारचं काय?"

"शुक्रवारी द्वादशी. द्वादशीला पोटभर जेवायचं आणि कामाला लागायचं. ती भिंतीवरची दिनदर्शिका काढा आता, कपडे बांधायला होईल."

ठणकावून सांगितलं. तुमचं घर स्मार्त, तेव्हा भागवत एकादशीचा दुसरा दिवसही तुम्हाला लागू नाही, हेही सांगून टाकलं. नंतर कोणी फाटा फोडायला नको. त्यांनी लगेच जावईबापूंना हाक मारून दिनदर्शिका उतरवायला लावली. कागद फाटल्याचा आवाज मला इथे ऐकू आला.

तुझी दुहेरी उपासमार टळली. लहानपणी भूक लागली की तू जेवणाच्या पाटावर जाऊन नुसती बसायचीस, काही न बोलता. ते अजून डोळ्यांपुढे आहे. तू स्वतःहून कधी तक्रार करायची नाहीस, म्हणून मी न सांगता केलं.

शिवरात्र शनिवारी, तिथे फरक नाही.

तुझा दादा


गुरुवार

दादा,

यापुढे मला लिहायचं ते पाकिटामागच्या पत्त्यावर लिही. घरी फक्त तक्ता येऊ दे. हे मी एका ओळखीच्या बाईंच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे.

काय करून बसलास रे हे?

मी पोथीला जात नाही. देवळाच्या जिन्याशी जाते, खालूनच नमस्कार करते आणि कोपऱ्यावर वळते. तिथे या बाई गाडी घेऊन उभ्या असतात. त्या शाळेची बस चालवतात, त्यांचा गणवेश आमच्याकडे इस्त्रीला येतो, ती ओळख. मी गाडी चालवायला शिकते आहे. बाजार उठला की मागचं मैदान मोकळं असतं. संकष्टीला मी गाडी मागे घ्यायला शिकले. प्रदोषाला चढावर थांबून पुन्हा निघायला. अमावास्येला एका कचऱ्याच्या डब्याला धडकले, तेव्हा बाई म्हणाल्या, "डबा उभाच होता हो, तुम्हीच चालून गेलात."

बाई आता काम सोडणार आहेत. शाळा म्हणाली, तुमच्या जागी तुम्हीच एखादी बाई द्या, पण परवाना असलेली. त्यांनी माझं नाव दिलं. परीक्षेची तारीख मी मागून घेतली, फाल्गुन वद्यातला तो शुक्रवार. भिंतीवर बघूनच मागितली. गुरुवारी तुझी एकादशी, सराव होईल. शुक्रवारी भिंतीवरची, परीक्षा होईल. हा शुक्रवार चुकला तर पुढची तारीख मिळेपर्यंत शाळा दुसरं माणूस घेईल.

तुला आमचं घर ठाऊक नाही. जिना दुकानात उतरतो, नेमका आईंच्या खुर्चीमागे. फोन त्यांच्या हाताशी. दाराला घंटी. साध्या दिवशी मी दारापर्यंत गेले तरी ती वाजते आणि आई विचारतात, "कुठे?" त्या वाईट नाहीत, दादा. अवघड तेच आहे. वाईट असत्या तर मी भांडले असते. त्या नुसतं "कुठे?" विचारतात, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. उत्तर फक्त तिथीला असतं.

आता भिंतीवर नुसता खिळा आहे. "द्वादशीला पोटभर जेवायचं आणि कामाला लागायचं," हे तुझं वाक्य आईंना इतकं आवडलंय की त्या ते गिऱ्हाइकांनाही ऐकवतात.

तुझ्याशिवाय त्या कोणाचं ऐकायच्या नाहीत. त्यांना फोन कर. म्हण, शुक्रवार.

बारकी


फाल्गुन शुद्ध तृतीया, बुधवार

बारके,

तुझं पत्र कारखान्यात नेलं होतं, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. तू गाडी चालवतेस यावर अजून विश्वास बसत नाही. सायकलवरून पडलीस तेव्हा सायकलला शिव्या दिल्या होत्यास.

मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. एकादशी एक दिवस पुढे ढकलायला दशमीचा वेध कुठे सापडतो का पाहिलं. नाही सापडत. तुमचं गाव नकाशावर थोडं अलीकडे धरून पाहिलं, मग थोडं पलीकडे. मग मीच कागद फाडून टाकला, कारण माप चुकवून दांडा बसवणारे कारागीर मी पाहिले आहेत आणि त्यांना मी नावं ठेवत आलो आहे. शुक्रवारी तुमच्याकडे द्वादशी आहे. माझी इच्छा असो नसो, ती द्वादशीच राहणार.

माझ्यापाशी पदवी नाही, गुरू नाही. मला पंचांगराव म्हणतात ते अर्धं चेष्टेने. तरी तिकडची आपली सगळी घरं माझ्या तक्त्यावर चालतात, ती कशावर? मी सांगितलेलं आजवर चुकलं नाही, एवढ्याच एका गोष्टीवर. तेवढं सोडून दुसरं काहीही माग.

जावईबापूंना सरळ का विचारत नाहीस? माणूस समंजस आहे. सदऱ्याला हसले नाहीत, ते ठीक आहे.

वहिनीला खाली काही लिहायचं होतं, पण जागा उरली नाही.

तुझा दादा


मंगळवार

दादा,

थंडी सुरू झाली तेव्हाच यांना विचारलं होतं. म्हणाले, "गाडी मी चालवतो ना? तुला कुठे जायचं ते सांग, सोडतो." चांगल्या मनानेच म्हणाले. पण मला कोणी सोडायला नको होतं. मला जायचं होतं.

एकादशीच्या घरी शिवरात्र म्हणतात ते असं. मी तुझ्याकडे एक मोकळा दिवस मागायला आले आणि निघालं असं की तुझ्या तक्त्यात तूही तितकाच अडकलेला आहेस.

तुझं कधी चुकलं नाही, खरं आहे. आमच्या गावचा सूर्य कधी उगवतो ते तुला तिथे बसून कळतं. तो उगवतो तेव्हा मी कुठे असते, ते तू कधी विचारलंस? मी इस्त्री तापवत असते. दुकानाची काच तोवर वाफेने पांढरी झालेली असते. सूर्य उगवला हे मला तुझ्या तक्त्यावरून कळतं.

बाईंना मी अजून नाही म्हटलेलं नाही. त्या गणवेश न्यायला येतात आणि आईंसमोर मला विचारतात, "शुक्रवारी मिळेल ना?" मी म्हणते, "बघते." आई म्हणतात, "अगं, बघते काय, एका शर्टाला किती वेळ लागतो?"

चैत्राचा तक्ता नाही पाठवलास तरी चालेल.

बारकी


फाल्गुन वद्य प्रतिपदा, मंगळवार

बारके,

बाहेर धुळवड चालली आहे, म्हणून दार लावून लिहितो.

फोन केला.

"मावशी, तक्त्यात चूक झाली आहे."

"कोणाची?"

"माझी."

"तुमची?"

"माझीच. एकादशी शुक्रवारी. भिंतीवरचं बरोबर होतं."

"ते तर तुम्हीच उतरवायला लावलंत! त्याच्या पानांत लोकांच्या विजारी बांधून गेल्यासुद्धा."

"दुसरं आणा, मावशी."

"पंचांगराव, लेथवर असं केलंत तर बोट जायचं."

"जायचं," मी म्हटलं.

"आणि मागचे उपास? तेही असेच वाऱ्यावर गेले का? माझं पुण्य मग कोणाच्या खात्यात पडलं?"

"मागचे सगळे बरोबर होते. हाच एक चुकला."

"हे कोणी सांगायचं? चुकणाऱ्याने?"

मुद्दा बिनतोड होता. त्या तिकडच्या मंडळींना कळवणार म्हणाल्या आणि कळवलंही. नंतर दोन घरांतून फोन आले, तक्ता पुन्हा तपासून पाठवा. तपासतो म्हटलं. बरोबर असलेलं काय तपासायचं, ते मला ठाऊक नाही.

असो. शुक्रवार तुझा. गाडीतलं मला काही कळत नाही. पण क्लच सोडताना पाय एकदम उचलू नकोस. यंत्र कुठलंही असो, दचकलं की बंद पडतं.

तुझा दादा

ता. क. मी वहिनी. ही जागा मी आधीच अडवून ठेवली होती. यांनी दार धुळवडीसाठी लावलेलं नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केली, आणि तीच खोटी." मग सगळे जुने तक्ते फडताळात पालथे घालून ठेवले. जेवताना नेहमीसारखं मीठ मागितलं नाही, म्हणजे जेवण कळलंच नाही. मी यांच्याकडे बघते. तू रस्त्याकडे बघ.


शनिवार, तुझ्या मते त्रयोदशी, आईंच्या मते द्वादशी

दादा, वहिनी,

दोघांना नमस्कार. आज ताठ उभी राहून, म्हणून जरा वेगळा वाटेल.

आधी आईंचं सांगते. तुझा फोन झाल्यावर त्यांनी आधी सगळ्या घरांना कळवलं. मग यांना नवी दिनदर्शिका आणायला लावली, ती खिळ्याला टांगली आणि तिच्या शेजारी, त्याच खिळ्याला, तुझा तक्ता. म्हणाल्या, "याचाही भरवसा नाही आणि त्याचाही नाही. आता फरक पडेल तिथे दोन्ही दिवस धरायचे. चूक कोणाचीही असो, पुण्य माझं बुडायला नको." हे म्हणाले, "अगं, पण इस्त्रीवर कोण उभं राहणार?" आई म्हणाल्या, "तू."

तेव्हा गुरुवार मिळाला आणि शुक्रवारही. गुरुवारी मी खरा उपास केला. पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि बाईंच्या गाडीत बसून सबंध गावाला फेरी मारली. शुक्रवारी बाईंच्या स्वयंपाकघरात पोटभर जेवले. द्वादशीला पोटभर जेवायचं, तुझंच वाक्य. तुझा तक्ता आमच्या गावात निदान एका बाईने पाळला, एवढं लक्षात ठेव.

परीक्षा घेणारा पेन्सिल चावणारा माणूस होता. नुसतं उजवीकडे, डावीकडे म्हणायचा. एकदा उजवीकडे म्हणाला आणि आम्ही आमच्याच रस्त्याला लागलो. दुकानासमोर एक म्हातारा रस्ता ओलांडत होता, म्हणून थांबले. इतकी वर्षं राहून मी आमचं दुकान समोरच्या बाजूने असं कधी पाहिलं नव्हतं. सगळी काच पांढरी, आणि मधे तळहाताएवढी जागा पुसलेली. तिथून आई बाहेर बघत होत्या. मला वाटायचं त्या खुर्चीत बसून आमच्या जिन्यावर पाळत ठेवतात. पण जिन्यावर कोणी नव्हतं, मी इथे होते, आणि त्या कपाळ काचेला टेकवून नुसता रस्ता बघत होत्या, रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नसताना. मग त्यांची नजर गाडीवर आली. माझ्यावर थांबली की नाही, मला सांगता येणार नाही. काच पुन्हा पांढरी होत गेली. तो माणूस म्हणाला, "चला." मी क्लच हळू सोडला.

पास झाले, दादा.

घरी आले, घंटी वाजली. आईंनी "कुठे?" विचारलं नाही. "जेवलीस का?" विचारलं. उपासाच्या दिवशी!

मी म्हटलं, "फळं खाल्ली."

"बरं," म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, "थांबलीस ते बरं केलंस. तो म्हातारा रोज असाच मधे येतो."

यांना अजून काही माहीत नाही. शाळेचं काम सुरू झालं की बस रोज काढावी लागेल, आणि रोजची एकादशी कुठल्याच पंचांगात नाही. दार तेच आहे, घंटी तीच. ते एकदा तोंडाने सांगावंच लागणार, आणि ते मला अजून जमलेलं नाही. सध्या मी इस्त्री करते, आई खुर्चीत बसतात, आणि अधूनमधून दोघींपैकी एक काच पुसते.

फडताळातले तक्ते सुलटे कर. आणि चैत्राचा लवकर पाठव. अगदी बरोबर पाठव, केसाएवढाही फरक नको. चुकवायचं असेल ते इथे आम्ही बघून घेऊ.

तुझी बारकी